जलरंगात काचेच्या वस्तू: घरातला पेला रंगवण्यापासून सुरुवात

शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने ज्यांनी कधी वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र गिरवले आहे, त्यांना तांब्या, कांदे, वांगी आणि मागे सोडलेले चुण्यांचे कापड एवढे सहसा जमते; त्याच मांडणीत काचेचा पेला आला की मात्र हात अडखळतो. तांब्याला स्वतःचा रंग असतो, त्याची उजेडाची आणि सावलीची बाजू ठरलेली असते, आणि एका बाजूकडून दुसरीकडे छटा गडद करत नेली की गोलाई येते. काचेच्या बाबतीत हा हिशोब चालत नाही. काचेतून मागचे दिसते, काचेवर समोरची खिडकी दिसते, आणि दोन्ही कडांना एक काळसर पट्टी दिसते, जी कुठून आली हे चटकन उमगत नाही.

ज्यांनी जलरंग थोडेफार हाताळले आहेत पण काच कधी रंगवलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे नागपूरच्या घरांतली आणि नागपूरच्या हवेतली घेतली आहेत, कारण जलरंग किती वेळ ओला राहतो हे शेवटी हवेवरच ठरते आणि इथली हवा त्या बाबतीत टोकाची आहे.

कड गडद का दिसते

सरळ भिंतींचा, नक्षी नसलेला एक साधा पेला खिडकीसमोर ठेवून नीट पाहावा. मध्यभागी तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो, कारण समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी काचेचा एक पृष्ठभाग जेमतेम ४ टक्के प्रकाश परत फिरवतो आणि उरलेला आरपार जाऊ देतो. कडेकडे मात्र आपली नजर काचेला तिरकी लागते; तिथे परावर्तन वाढते आणि आरपार येणारा प्रकाशही इतका वळलेला असतो, की कडेच्या त्या अरुंद पट्टीत पेल्याच्या मागचे न दिसता खोलीच्या डाव्या-उजव्या बाजूचे काहीतरी दिसते. बाजूला सागवानी कपाट असेल तर कड गडद दिसेल. पांढरी भिंत असेल तर कड इतकी फिकी पडेल की पांढऱ्या पार्श्वभूमीवर पेल्याचा आकारच हरवेल.

हे एकदा लक्षात आले की बराचसा गोंधळ मांडणीतच निस्तरता येतो. काळ्या कार्डशीटच्या दोन पट्ट्या कापून पेल्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, आपल्या चित्राच्या चौकटीत येणार नाहीत इतक्या अंतरावर उभ्या कराव्यात आणि हळूहळू आत-बाहेर सरकवाव्यात. पट्टी जवळ येते तसतशी पेल्याची कड काळी आणि रुंद होत जाते, आणि एका विशिष्ट जागी ती काठापासून बुडापर्यंत सलग, स्वच्छ रेघ बनते. तीच जागा कायम करावी. वस्तूंची छायाचित्रे काढणारे लोक ही युक्ती नेहमी वापरतात. चित्रे काढणारे तिच्याकडे का दुर्लक्ष करतात हे मला न उलगडलेले कोडे आहे. याच्या उलट, मागे गडद कापड आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद ठेवला तर कडा उजळतात आणि पेला अंधारातून वर आल्यासारखा दिसतो. ही दुसरी मांडणी अधिक आकर्षक असली, तरी तिच्यात बारीक पांढऱ्या रेघा राखून भोवती गडद रंग भरावा लागतो, म्हणून नवख्याने पहिली पाच-सहा चित्रे उजळ पार्श्वभूमीवरच करावीत.

मांडणी आणि खिडकी

पेला आधी स्वच्छ करावा. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत काचेवर क्षारांचे पांढरट डाग बसलेले असतात. ते लिंबाची फोड चोळून किंवा व्हिनेगरने काढावेत आणि जुन्या सुती कापडाने पेला कोरडा पुसावा. हे डाग तसेच ठेवले तर ते चमकेच्या जागा झाकून टाकतात आणि आपण डागच रंगवत बसतो.

प्रकाश एकाच बाजूने यावा. ट्यूबलाइट बंद करावी, समोरच्या खोलीचे दार लोटून घ्यावे, कारण काच प्रत्येक दिव्याची आणि दाराची नोंद ठेवते आणि अशा पाच-सात चमका एकाच पेल्यावर असल्या तर कोणती महत्त्वाची हे नवख्याला ठरवता येत नाही. खिडकीचे प्रतिबिंब पेल्याच्या फुगवट्यावर वाकड्या चौकोनासारखे पडते आणि आपल्याकडे खिडक्यांना गज असल्यामुळे त्या चौकोनात बारीक उभ्या रेघाही दिसतात. गजांची ती रेघारेघ पहिल्या चित्रात सोडून द्यावी. पुढे हात बसला की तीच फार छान दिसते.

चित्रकलेच्या पुस्तकांत उत्तरेकडील खिडकीची शिफारस असते, कारण तिथून थेट ऊन येत नाही. हा सल्ला युरोपातल्या अक्षांशांवर बसलेल्या चित्रकारांचा आहे. नागपूर २१ अंश उत्तरेला थोडे पुढे आहे, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपे ऊन शिरते ते त्यामुळेच. त्या महिन्यांत खिडकीवर पातळ पांढरे धोतर किंवा बटर पेपर लावून प्रकाश गाळून घ्यावा. शिवाय उन्हाळ्यात घरातली एखादी खिडकी कूलरने अडवलेली असते, हेही जागा निवडताना ध्यानात घ्यावे.

मेजावर पांढरे किंवा फिकट करड्या रंगाचे कापड पसरावे, पेला डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली राहील अशा बेताने बसावे आणि एकदा बसल्यावर जागा बदलू नये. काचेच्या बाबतीत डोके चार बोटे हलले तरी चमका वेगळ्या ठिकाणी जातात.

साहित्य, थोडक्यात

कागदावर खर्च करावा आणि रंगांवर वाचवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, संपूर्ण कापसाचा, मध्यम पोताचा कागद घ्यावा; २२ बाय ३० इंचांच्या एका मोठ्या शीटचे आठ तुकडे होतात आणि साडेसात बाय अकरा इंचांचा तुकडा एका पेल्यासाठी पुरेसा असतो. साध्या कार्ट्रिज कागदावर ओल्या ब्रशने रंग उचलता येत नाही, मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखण्यासाठी लावायचा द्रव) काढताना वरचा थर सोलून निघतो, आणि काचेच्या चित्रात या दोन्ही गोष्टींची गरज पडते. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या चित्रसाहित्याच्या दुकानांत असा कागद सुटा मिळाला तर आधी एकच शीट घेऊन पाहावे.

रंग पाच पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), व्हिरिडियन (निळसर हिरवा), एक उबदार पिवळा आणि एक लाल. पोस्टर कलर इथे चालत नाहीत, कारण ते अपारदर्शक असतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून निळसर करड्यापासून तपकिरी करड्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात आणि दाट घेतल्यास जवळजवळ काळाही मिळतो, म्हणून तयार काळा रंग घेऊ नये. तयार पेन्स ग्रेचा मोह टाळावा; तो सगळीकडे एकच थंड करडा पसरवतो आणि पेला ढगाळ दिसतो. ब्रश गोल टोकाचे ४, ८ आणि १२ क्रमांकाचे, रंग उचलण्यासाठी अर्ध्या इंचाचा एक सपाट ब्रश, आणि मास्किंग फ्लुइडसाठी फेकून देण्याच्या लायकीचा एक जुना ब्रश असावा. पाण्याची दोन भांडी, जुना पंचा, टिश्यू पेपर आणि कागद चिकटवायला मास्किंग टेप, एवढ्यावर काम भागते.

रेखाटन

पेल्याच्या मधोमध एक हलकी उभी रेघ ओढून तिच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्यात. पेल्याचा काठ आणि बूड ही दोन्ही लंबवर्तुळे असतात, आणि आपण वरून पाहत असल्यामुळे बुडाचे लंबवर्तुळ काठाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक उघडे, म्हणजे अधिक गोल दिसते. पाण्याची पातळी या दोहोंच्या मध्ये असते, म्हणून तिचा उघडेपणाही मधला. नवख्यांच्या चित्रात काठ आणि बूड सारखेच चपटे असतात किंवा बूड सरळ रेघेने संपवलेले असते, आणि मग पेला मेजावर बसलेला न वाटता कापून चिकटवल्यासारखा वाटतो. लंबवर्तुळाची दोन टोके कधीही अणकुचीदार करू नयेत. तिथे रेघ लहानशा वळणाने फिरते.

काठाला जाडी असते, हे विसरले जाते. काठाच्या लंबवर्तुळाच्या आत दुसरे, अगदी जवळचे लंबवर्तुळ काढावे. बुडाशी काच चांगली बोटभर जाड असते आणि तिथे आतले बूड व बाहेरचे बूड अशी दोन लंबवर्तुळे एकाखाली एक येतात. रेघा एचबी पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने काढाव्यात, कारण पारदर्शक रंगाखालची पेन्सिल लपत नाही आणि वर रंग बसल्यावर ती खोडताही येत नाही.

कोऱ्या जागांचा नकाशा

जलरंगात पांढरा म्हणजे कागद. एकदा झाकलेला कागद पूर्वीसारखा उजळ परत मिळत नाही, म्हणून कुठे रंग लागणार नाही हे रंग भिजवण्याआधी ठरवावे लागते. डोळे किलकिले करून पेल्याकडे पाहावे. बारीकसारीक तपशील विरघळतो आणि सर्वांत उजळ जागा तेवढ्या उरतात. साध्या पेल्यात त्या सहसा अशा असतात: खिडकीच्या बाजूच्या भिंतीवरची उभी चमक, काठाच्या मागच्या बाजूवरचा तुटक कंस, पाण्याच्या पातळीवरची केसाएवढी रेघ आणि बुडातले दोन-तीन ठिपके. या सगळ्यांना पेन्सिलने पुसट सीमा आखून घ्यावी. त्याहून जास्त जागा राखू नयेत. काचेवर खरोखर पांढरे फार थोडे असते. बाकीचे जे पांढरे वाटते ते फिकट करडे असते, आणि त्या करड्यामुळेच खऱ्या पांढऱ्याला चमक येते.

यानंतर वहीच्या कागदावर, पत्त्याएवढ्या आकारात, एकाच रंगात छोटा आराखडा करावा: कोरा कागद, फिकी छटा, मध्यम छटा आणि गडद, एवढ्या चारच पायऱ्या. हा आराखडा दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि उतावीळ माणूस नेमका तोच गाळतो. त्यात पेला पेल्यासारखा दिसला नाही तर मोठ्या कागदावरही दिसणार नाही, कारण काच रंगावर उभी नसते, गडद आणि उजळ यांच्या शेजारावर उभी असते.

बारीक चमका राखण्यासाठी मास्किंग फ्लुइड वापरावे. ते रबराच्या चिकापासून बनते, पूर्ण कोरड्या कागदावरच लावायचे असते, आणि लावण्याआधी जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घेतला तर केस चिकटत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात याबाबत विशेष जपावे: फ्लुइड लावलेला कागद उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवला, किंवा दोन-चार दिवस तसाच राहिला, तर ते कागदात मुरते आणि निघताना कागद घेऊन निघते. लावले त्याच दिवशी काढावे. मोठ्या चमका मात्र फ्लुइडने न झाकता ब्रशने वळसा घालून राखाव्यात, कारण फ्लुइडची कड फार करकरीत येते आणि सगळ्याच कडा करकरीत झाल्या तर काच कापलेल्या पत्र्यासारखी दिसते.

रंग भरताना

पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पार्श्वभूमीचा आणि पेल्याचा एकत्रच द्यावा. पेल्याच्या रेघेपाशी थांबू नये. पार्श्वभूमी काचेतून आरपार दिसते, तेव्हा तिचा रंग काचेतूनही सलग गेला पाहिजे. रेघेशी थांबून आत वेगळा ‘काचेचा रंग’ भरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे आणि तो रंग बहुधा फिकट निळा असतो. भरपूर पाणी घेतलेला, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा अगदी फिका करडा बोर्ड किंचित तिरपा ठेवून वरून खाली ओढत न्यावा, आणि खाली मेजाच्या कापडापाशी त्यात बर्न्ट सिएना थोडा वाढवावा. सुकल्यावर जलरंग फिका पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त वाटेल इतका गडद ठेवावा. मग कागद पूर्ण कोरडा होऊ द्यावा. हाताच्या पालथ्या बाजूला तो गार लागत असेल तर आत ओल आहे असे समजावे.

दुसऱ्या फेरीत पेल्याच्या आतले आकार येतात. इथे वस्तूचे नाव विसरून आकाराकडे पाहावे लागते. हे समजून घेण्यासाठी पाण्याने अर्धा भरलेल्या पेल्यामागे एक संत्रे ठेवून पाहण्याइतका चांगला धडा नाही. संत्रे पेल्याला टेकवून ठेवले, तर पाण्याच्या वरच्या रिकाम्या भागातून ते जसेच्या तसे दिसते आणि पाण्यातून मात्र इतके आडवे पसरते की पेल्याची सगळी रुंदी नारिंगी होऊन जाते. तेच संत्रे वीतभर मागे आणि थोडे डावीकडे सरकवले की पाण्यात ते उजवीकडे दिसू लागते, आणि गोल न राहता अरुंद, उभट होते. पाण्याने भरलेला गोल पेला भिंगाचे काम करतो: मागच्या भिंतीपासून साधारण पेल्याच्या त्रिज्येइतक्या अंतरापलीकडे गेलेली वस्तू त्यातून डावी-उजवी उलटलेली दिसते. भिंग फक्त आडव्या दिशेने वळवते, उभ्या दिशेने नाही, म्हणून संत्र्याची उंची तेवढीच राहते आणि रुंदी बदलते. रेखाटताना डोक्यातले संत्रे बाजूला ठेवून समोर दिसणारा तो उभट नारिंगी आकार काढला, की प्रेक्षकाला सांगावे लागत नाही की तिथे पाणी आहे.

रंगवताना पाण्यातले संत्रे पिवळा आणि लाल यांच्या स्वच्छ मिश्रणाने, ओलसर कागदावर भरावे, म्हणजे त्याच्या कडा मऊ राहतात. बाहेरचे खरे संत्रे कोरड्या कागदावर, निश्चित कडेने. मऊ आणि निश्चित कडांचा हा फरकच काचेचा पडदा दाखवतो. संत्र्याच्या सालीवरचे बारीक खड्डे बाहेरच्या फळावर दाखवावेत, पाण्यातल्यावर दाखवू नयेत. नारिंगीचा हलका शिडकावा पेल्याच्या बुडात आणि मेजावरच्या सावलीतही उतरलेला असतो. तो वॉश ओला असतानाच तिथे सोडून द्यावा.

तिसरी फेरी गडद जागांची. नवख्याचा हात इथे कचरतो, आणि चित्र धुरकट राहण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पेल्याच्या दोन्ही कडा, काठाखालची बारीक रेघ आणि बुडातले वळणदार तुकडे यांना अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएनाचे दाट मिश्रण, ४ क्रमांकाच्या ब्रशच्या टोकाने, एकाच फटक्यात द्यावे. रेघ सगळीकडे सारख्या जाडीची नसते: ती कुठे रुंदावते, कुठे तुटते, कुठे चमकेपाशी अचानक संपते, आणि जशी दिसते तशीच ती ठेवावी. बुडावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. जाड काचेमुळे तिथे पेल्यातला सर्वांत गडद ठिपका आणि सर्वांत उजळ ठिपका शेजारी शेजारी असतात, आणि तेवढे दोन ठिपके बरोबर बसले तर बाकीच्या पेल्यातले निम्मे दोष झाकले जातात. साध्या काचेत लोहाचा अंश असल्यामुळे जाड जागी ती हिरवट दिसते, म्हणून बुडाच्या मध्यम छटेत व्हिरिडियनचा अगदी थोडा अंश, बर्न्ट सिएनाने शांत करून, मिसळावा.

आता मास्किंग फ्लुइड बोटाने चोळून काढावे आणि उघड्या पडलेल्या चमकांपैकी ज्या फार करकरीत वाटतील त्यांची एक बाजू ओल्या ब्रशने मऊ करावी. जिथे चमक राखायची राहून गेली असेल, तिथे सपाट ब्रश ओला करून, पिळून, कोरड्या रंगावर दोनदा फिरवावा आणि लगेच टिश्यूने टिपावे. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा कागद डागाळतात, आणि पाच रंगांच्या यादीत ते नाहीत याचे कारण तेच. केसाएवढी चमक हवी असल्यास पूर्ण सुकलेल्या कागदावर ब्लेडच्या टोकाने एकदाच खरडावे. शेवटच्या एक-दोन ठिपक्यांसाठी अपारदर्शक पांढरा वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र त्याने अख्खी चमक रंगवली तर ती खडूसारखी मेलेली दिसते.

काचेची सावली

काचेची सावली एकसारखी काळी नसते. थेट उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याची सावली पाहिली तर तिच्या बाहेरच्या कडा गडद असतात आणि मधोमध एक झगझगीत कवडसा असतो, कारण पेल्याने आपल्या रुंदीभर गोळा केलेला प्रकाश तिथे एकवटलेला असतो. हा कवडसा आजूबाजूच्या उन्हातल्या कापडापेक्षाही उजळ असतो, म्हणून तो कोरा कागदच राहिला पाहिजे आणि त्याचा नकाशा सुरुवातीलाच आखला पाहिजे. सावलीचा रंग ओला असताना कवडशाच्या एका बाजूची कड त्यात विरू द्यावी आणि दुसरी निश्चित ठेवावी. सावली पेल्याच्या बुडाशी जोडलेली असावी. मध्ये पांढरी फट राहिली तर पेला तरंगू लागतो.

नागपूरची हवा

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या खाली असते. अशा हवेत पहिला वॉश अर्ध्यावर येईपर्यंत त्याची वरची कड सुकलेली असते आणि आडवे पट्टे पडतात. त्या दिवसांत सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान काम करावे, कागद मागून-पुढून ओला करून मायका लावलेल्या फळीवर पसरावा, आणि एका वाटी पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकावेत, म्हणजे रंग थोडा जास्त वेळ ओला राहतो. ग्लिसरीन जास्त झाले तर चित्र महिनाभर चिकट राहते, आणि पावसाळ्यात तर ते अजिबात वापरू नये. कूलर लावलेल्या खोलीत आर्द्रता वाढते, हे आपल्या फायद्याचे आहे. तोट्याचा आहे तो त्याचा झोत. झोत थेट कागदावर आला तर एक बाजू सुकते आणि दुसरी ओली राहते, म्हणून कूलरकडे पाठ करून बसावे.

पावसाळ्यात उलट अडचण असते. वॉश अर्धा-पाऊण तास ओला राहतो, आणि थांबण्याचा कंटाळा करून दुसरा थर दिला की पहिल्यात पाणी घुसून फुलकोबीसारखे डाग उमटतात. तिथे हेअर ड्रायर लांबून वापरावा, अर्थात मास्किंग फ्लुइड कागदावर नसताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा: हवा बेताची, ऊन तिरपे असल्यामुळे सावल्या लांब, आणि संत्र्याच्या दोन हंगामांपैकी अंबिया बहराची संत्री संपत आली की पाठोपाठ मृग बहराची येतात, त्यामुळे पेल्यामागे ठेवायला फळही घरातच असते.

पुढच्या वस्तू

साधा पेला तीन-चार वेळा झाल्यावर टपरीवर असतो तसा उभ्या पैलूंचा चहाचा ग्लास घ्यावा. प्रत्येक पैलूत गडद, मध्यम, उजळ असा तोच क्रम पुन्हा येतो, पण प्रकाशाकडच्या पैलूत उजळ पट्टी रुंद असते आणि पलीकडे ती अरुंद होत जाते. सगळे पैलू सारखे रंगवले तर ग्लास सपाट होतो. अर्धा चहा भरून घेतल्यास बर्न्ट सिएनाचा एक मोठा आकार मिळतो आणि काम सोपे होते.

त्यानंतर लोणच्याची काचेची बरणी. आंब्याच्या लोणच्याने भरलेल्या बरणीत पाहण्यासारखी गोष्ट ही, की तेल जिथे काचेला लागलेले असते तिथे काचेची जाडी जवळजवळ दिसत नाही आणि तेलाचा लालसर रंग थेट बाहेरच्या कडेपर्यंत भिडलेला दिसतो. तेल आणि काच प्रकाशाला जवळपास सारखेच वळवतात, म्हणून त्यांच्यामधली सीमा पुसली जाते. तेलाच्या पातळीच्या वर, रिकाम्या गळ्यापाशी, काचेची जाडी पुन्हा दोन रेघांनी उघड होते. ही सीमा नीट रंगवली तर फोडी कशाही आल्या तरी चालतात. पत्र्याचे झाकण अपारदर्शक असल्यामुळे ते शेजारी हवेच. त्याच्याशी तुलना होऊन काच अधिक काच वाटते.

कंदिलाची काच, म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेली फुगीर नळी, त्याहून अवघड आहे, कारण तिच्यात पाणी नाही, जाड बूड नाही आणि काच अतिशय पातळ आहे. तिच्यासाठी आधी सांगितलेली गडद पार्श्वभूमीची मांडणी वापरावी. वरच्या तोंडाशी काजळी धरलेली असेल तर ती पुसू नये. त्या तपकिरी धुरकट डागामुळे काचेची पुढची आणि मागची भिंत वेगळी ओळखता येते. रंगीत बाटल्या सर्वांत शेवटी घ्याव्यात. हिरव्या बाटलीत पहिला वॉश संपूर्ण बाटलीला व्हिरिडियन व पिवळ्याचा द्यावा लागतो आणि चमका सोडल्या तर पांढरे कुठेच उरत नाही, हे ज्याला साध्या काचेतले पांढरे राखता येते त्यालाच नीट जमते.

टेप काढताना ती चित्राच्या बाहेरच्या दिशेने, कागदाला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढावी. चित्र फ्रेममध्ये लावायचे असेल तर मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगावे, म्हणजे कागद फ्रेमच्या काचेला चिकटणार नाही. इथल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काचेला टेकलेल्या कागदावर बुरशीचे पिवळे ठिपके येतात. फ्रेम न केलेली चित्रे पावसाळ्यात बटर पेपर मध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद डब्यात सपाट ठेवावीत.